मदत हवी आहे : गाडीशिवाय लॅकॉक, सोबत आई-बाबा

पुढच्या महिन्यात आई-बाबा इंग्लंडमध्ये बाथला येताहेत. त्यांना विल्टशरमधलं लॅकॉक गाव दाखवायचंय. बाबांचा जन्म फोटोग्राफीत गेला, त्यामुळे तिथल्या ॲबीची (जुन्या मठाची) खिडकी चुकवायची नाही. १८३५च्या ऑगस्टमध्ये फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने याच जाळीदार खिडकीची निगेटिव्ह केली, जेमतेम टपाल तिकिटाएवढी. कॅमेऱ्याने काढलेल्या, आज शिल्लक असलेल्या निगेटिव्हांमधली ती सर्वांत जुनी! गावातलं धान्याचं जुनं कोठार आणि शेजारची, दारुड्यांना डांबायची घुमटाची दगडी कोठडीही बघायची आहे.

आमच्याकडे गाडी नाही. बाथहून चिपनमपर्यंत ट्रेन सोपी आहे. पुढचे पाचेक किलोमीटर बस आहे, पण वेळापत्रक बघून रविवारचा अंदाज येत नाही आणि आम्हाला सुट्टी रविवारीच. टॅक्सी चालेल, फक्त परतीची तिथून मिळायला हवी. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती हळूहळू चालते, जिने मात्र जमत नाहीत. खिडकी वरच्या मजल्यावर आहे. बाहेरच्या हिरवळीवरून ती दिसते, पण बाबांना आतून बघायचीय, आणि आईला एकटीला खाली ठेवून ते वर जाणार नाहीत.

अलीकडे कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा: वर जायला पायऱ्या किती, कठडा आहे का, मध्ये बसायला जागा मिळते का? आणि रविवारी संध्याकाळी चिपनमला कसे परतलात?