माझा राक्षस पन्नास मीटरचा वाटतच नाही

हाडमोड्या:
मंडळी, जरा डोकं लावा. फावल्या वेळात गोडॉट इंजिनमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गेम करतोय. नायक नाही, शहर वाचवणं नाही, कथा तर अजिबात नाही. तुम्ही राक्षस. समुद्रातून वर या आणि दिसेल ते पाडा.

स्क्रीनशॉट बघितला तर धडकी भरते. पण गेम सुरू केला की रबरी सूट चढवलेला कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यांत धुडगूस घालतोय असंच वाटतं. मग चालण्याचा वेग निम्मा केला. आता बाबा धिप्पाड दिसतोय खरा, पण खेळवत नाही. एका मित्राला खेळायला दिला, त्याने दोन चौक कसेबसे पार केले आणि खिशातून मोबाईल काढला.

माहितीसाठी: राक्षस २ युनिट उंच (इंजिनच्या हिशोबात १ युनिट म्हणजे १ मीटर), इमारती दीड युनिटच्या आसपास, गुरुत्वाकर्षण इंजिनचं मूळचंच, ९.८. चुकतंय कुठे? वजन आणू की मजा आणू, असं एकच काहीतरी निवडावं लागतं का?

टोस्टरखाऊ:
अहो, रबरी सूटमधला माणूसच होता की तो! १९५४ च्या पहिल्या गॉडझिलात हारुओ नाकाजिमा जवळजवळ १०० किलोच्या सूटमध्ये घामाघूम होऊन चालत होते. तरी थिएटरात लोक टरकलेच. तेव्हा दोष सूटचा नव्हे.

मंदगती:
टोस्टरखाऊंनी गंमतीत म्हटलंय, पण उत्तर तिथेच आहे. पडद्यावरचा गॉडझिला ५० मीटरचा, सूट साधारण २ मीटरचा, म्हणजे मॉडेल २५ पट लहान. स्पेशल इफेक्ट्स करणारे एइजी त्सुबुराया आणि त्यांची माणसं हे चित्रण जास्त फ्रेम-वेगाने, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं घेत करायची आणि नेहमीच्या वेगाने दाखवायची. कारण उंची डोळ्याला कळते ती पडायला लागलेल्या वेळावरून. ५ मीटरवरून वस्तू खाली यायला १ सेकंद लागतो, ५० मीटरवरून ३.२ सेकंद. उंची दहापट झाली तरी वेळ दहापट होत नाही, वर्गमुळाने वाढतो. २५ पट लहान मॉडेल असेल तर वेळ ५ पट ताणायचा.

आता तुमचे आकडे घ्या. दीड युनिट उंचीवरचा मजला ९.८ ने पडला तर अर्ध्या सेकंदात जमिनीवर. खेळणं वाटणार नाही तर काय? एक तर सगळं जग खऱ्या मापाचं करा, राक्षस ५० युनिट, किंवा गुरुत्वाकर्षणाला २५ ने भागा, म्हणजे ०.३९. मग तोच मजला पावणेतीन सेकंदांनी खाली येईल आणि पोटात गोळा येईल. मी असतो तर दुसराच मार्ग धरला असता. खूप मोठ्या जगात सावल्या आणि टकरींचा हिशोब दोन्ही डोकं खातात.

आणि चालण्याचा वेग निम्मा करून तुम्ही भलतीकडेच ब्रेक लावलाय. मंद व्हायला हवेत ते ढिगारा, धूळ, शेपटीचं टोक. बटण दाबल्यावरचा प्रतिसाद नव्हे. बटण दाबल्या क्षणी डोकं वळू दे, नजर फिरू दे, खांदा खाली जाऊ दे. धड मागाहून येईल. खेळणाऱ्याला कळतं की आपलं ऐकलं गेलंय, मग तो पायाची वाट आनंदाने बघतो. बंदाई नाम्कोचा गॉडझिला गेम (जपानात २०१४ मध्ये आला, पुढच्या वर्षी बाहेर) आठवतोय का? तिथे वळायला कंट्रोलरच्या वरच्या कडेची बटणं, एल१ आणि आर१. ट्रक मागे घेतल्यासारखं प्रकरण. लोकांनी सणकून शिव्या घातल्या. मला स्वतःला ते वळणं आवडायचं, पण असल्या आवडीवर गेम चालत नाही, हेही मान्य.

कॅमेरा कुठे ठेवलाय तुम्ही? खांद्यामागे असेल तर आधी तो काढा. अधूनमधून तरी रस्त्यावरच्या माणसाच्या उंचीवर आणा.

टोस्टरखाऊ:
वजन झालं. मित्राने मोबाईल का काढला ते कुणी बोलतच नाहीये. त्याला करायला काही नव्हतं, म्हणून काढला! पाडापाडी ही पहिल्या दहा मिनिटांची मजा.

१९८६ चा रॅम्पेज हा गेम बघा. जॉर्ज, लिझी आणि राल्फ: गोरिला, पाल, लांडगा. तिघे एकत्र खेळायचे आणि एकमेकांनाही बुकलायचे. चित्रं साधी, वजनाचा पत्ता नाही. पण प्रत्येक खिडकी फोडताना काय निघेल याची हुरहुर. टोस्टर निघाला तर टोस्ट वर येईपर्यंत थांबायचं, आधी तोंडात टाकलात तर झटका. फोटोग्राफर निघाला तर उलट, फ्लॅश मारायच्या आत गिळायचा. ताकद संपली की राक्षसाचा पुन्हा माणूस व्हायचा, तोही नागडा, आणि हाताने लाज झाकत तिरका तिरका पडद्याबाहेर सटकायचा. तेवढ्यात शेजारच्याने त्याला खाऊन टाकलं तर भांडण पक्कं.

त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, 'क्रश, क्रंबल अँड चॉम्प' होता. त्यात राक्षसाला भूक लागायची. वेळेवर खायला मिळालं नाही तर तो तुमचं ऐकणंच सोडायचा. मला ही आजवरची सगळ्यात हुशार युक्ती वाटते. राक्षस तुमचा आहे, पण पुरता तुमचा नाही.

हाडमोड्या:
मंदगती, ०.३९ करून बघितलं. काय सांगू! पाण्याची टाकी गच्चीवरून सुटली आणि ती खाली पोहोचेपर्यंत मी श्वास धरून होतो. पण राक्षसाने उडी मारली की थेट चंद्रावर. आणि गाड्या लाथेने उडवल्या तर खालीच येत नाहीत.

टोस्टरखाऊ, भूक घेतली. फोटोग्राफरही घेतोय, पण माझा बाल्कनीत उभा राहणार.

मंदगती:
उडी काढून टाका. एवढ्या मोठ्या प्राण्याने मारूच नये. उंची २५ पट झाली की वजन २५ × २५ × २५ पट होतं आणि हाडाची जाडी धरली तरी ताकद २५ × २५ पटच. उभा आहे हीच मेहेरबानी! गाड्यांना लाथेचा सुरुवातीचा वेग पाचाने भागून द्या, खाली येतील.

धक्क्याचा आवाजही उशिरा सोडा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा खऱ्या मापाने अर्धा किलोमीटर लांब असेल तर पाय आधी टेकलेला दिसायला हवा, धप्प दीड सेकंदाने. कॅमेरा पायाशी असताना मात्र हा नाद करू नका, बिघाड वाटतो.

हाडमोड्या:
उडी गेली. त्या बटणावर आता डरकाळी. परवा-तेरवापर्यंत खेळण्याजोगं काहीतरी टाकतो. कीबोर्डवर चालेल ना?

टोस्टरखाऊ:
गेमपॅडवर द्या हो. आणि दोघांना खेळता आलं पाहिजे, नाहीतर मी कुणाला खाऊ?