सासरवाडीला महाराजांचा चातुर्मास आणि त्याच दिवशी घरी विसर्जन, काय करू?

गोंधळलेला_जावई:
मी पुण्यात राहतो, आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो. बायको दिगंबर जैन, तिचं माहेर सांगलीकडं. लग्नाला तीन वर्षं झाली पण सासरे माझ्याशी कामापुरतंच बोलतात (लव्ह मॅरेज, पुढचं समजून घ्या). यावर्षी त्यांच्या गावात एका आचार्य महाराजांचा चातुर्मास आहे आणि परवा सासऱ्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की दशलक्षण पर्वाच्या (त्यांचं भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व) शेवटच्या दिवशी या, महाराजांचं दर्शन घ्या. आता तो शेवटचा दिवस म्हणजे नेमकी अनंत चतुर्दशी, म्हणजे आमच्याकडं विसर्जन. आई म्हणते गणपती सोडून जायचं नाही, बायको काहीच म्हणत नाही, ते जास्त टेन्शनचं आहे. आणि गेलोच तर तिथं वागायचं कसं? मला नमोस्तुच्या पुढं काही येत नाही.

बस्तीसमोरचा:
पाव्हणं, नमोस्तु येतंय म्हणजे निम्मं काम झालं की ओ. वाकून किंवा गुडघे टेकून नमोस्तु म्हणायचं, महाराज हात किंवा पिंछी (मोरपिसांचा कुंचा) वर करून आशीर्वाद देतात. पायाला हात लावायची घाई करू नका, बाजूचे लोक काय करतात ते बघा, आणि बायकांनी तर अंतर ठेवूनच बसायचं असतं. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. हा पट्ट्याचा किस्सा आमच्या प्रत्येक नव्या जावयाचा होतो, दारात काढायला लागतो आणि मग दिवसभर पँट धरून फिरतंय बिचारं.

सकाळी लवकर पोचलात तर आहार चुकवू नका. महाराज दिवसातनं एकदाच जेवतात, पाणीसुद्धा तेव्हाच, उभं राहून, हाताच्या ओंजळीत. गल्लीत चौके (महाराजांसाठी सोवळ्यात केलेला स्वयंपाक) लागलेले असतात, घरोघरी माणसं सोवळ्यात कलश-नारळ घेऊन दारात उभी आणि "हे स्वामी नमोस्तु नमोस्तु नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" असा गजर चाललेला असतो. महाराजांनी मनात काहीतरी विधी (म्हणजे अमुक दिसलं तरच थांबायचं अशी खूण) धरलेला असतो, तो जिथं जुळेल तिथंच थांबतात, कुठंच नाही जुळला तर उपाशी परत. जेवताना ओंजळीत केस किंवा मुंगी निघाली तरी अंतराय, तिथंच जेवण बंद. एकदा आमच्या चौक्यात दोन घासांवर अंतराय झाला, आमची आजी दिवसभर जेवली नाही.

स्वाती_७:
आहार बघायला जा पण सोवळ्यातल्या माणसांना चुकून शिवू नका, सगळं परत करावं लागतं. आणि मेन गोष्ट कुणी सांगितली नाही, महाराज विचारतील "काय नियम घेणार?" तयारीनं जा!! माझ्या नवऱ्यानं (तोही जैन नाही) भीतीपोटी आयुष्यभर कांदा-लसूण सोडतो म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी वडापावाच्या गाडीसमोर रडकुंडीला आला. झेपेल तेवढंच बोला. आठवड्यातनं एक दिवस रात्री जेवणार नाही, एवढं म्हटलं तरी चालतं, मुदत घालून घेता येतो नियम.

गोंधळलेला_जावई:
पट्ट्याचं बरं झालं सांगितलंत. पण तारखेचं काय? तिकडं गेलो तर आई, इकडं राहिलो तर सासरे.

बस्तीसमोरचा:
चतुर्दशीलाच या की. त्या दिवशी बस्तीत (आमच्या जैन मंदिरात) अभिषेकाला गाव लोटतंय, दहा दिवसांच्या उपवासवाल्यांचं कौतुक असतंय, सासरे चार माणसांत जावई म्हणून मिरवतील.

उत्तमक्षमा_वाला:
वरच्या भाऊंशी मी सहमत नाही. चतुर्दशीला इतकी गर्दी असते की महाराज लांबूनच दिसतील आणि सासरे मंडपाच्या कामात. अहो चातुर्मासात महाराज गाव सोडत नाहीत, दिवाळीच्या अमावास्येपर्यंत तिथंच आहेत, पळून चाललेत का? विसर्जन नीट करा, आईला खूश करा. मधे पौर्णिमेचा एक दिवस आणि लगेच भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि सगळं संपल्यावर परत क्षमाच, त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभराचं चुकलंमाकलं माफ करा म्हणतात. आमच्याकडं तर आचार्यच सगळ्या समाजाची क्षमा मागतात, ज्यांच्यासमोर आपण वाकतो त्यांनीच हात जोडलेले बघून पहिल्यांदा मला कसंतरीच झालं होतं.

आणि स्पष्ट बोलतो, राग नको. तीन वर्षं न बोललेला माणूस स्वतः फोन करतो तेव्हा त्याला काय फक्त दर्शन घडवायचंय का? त्या दिवशी गावात कुणीही कुणाला हात जोडतं, कोण आधी वाकलं ते मोजत नाहीत. तुम्हालाही सोपं, त्यांनाही.

स्वाती_७:
+१. आणि बायकोला आधी सांगा, इथं विचारून ठरवलं म्हणू नका 😄

गोंधळलेला_जावई:
बायकोला प्रतिपदेचं बोललो. ती म्हणाली बाबांनी फोनवर क्षमावाणीपर्यंत राहा असंच सांगितलं होतं, तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघतोय. पट्टा कापडी घेतलाय. नियमाचं अजून ठरत नाही, चहा सोडू का?

स्वाती_७:
चहा नको!!!