आईचा खोकला जाईना. बीपीची गोळी तर नव्हे?

माशेलची लेक:
आई ६८ वर्षांची. मार्चमध्ये डॉक्टरांनी बीपीसाठी रामिप्रिल ५ सुरू केली. बीपी छान उतरलं, पण मेपासून खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात नारळाची शेंडी अडकल्यासारखी टोचणी. रात्री आडवी झाली की ढास लागते. आधी काजूच्या भट्टीच्या धुराला नावं ठेवली, मग पावसाळी हवेला. अडुळशाचा काढा झाला, सिरपच्या तीन बाटल्या संपल्या, एक्सरे स्वच्छ. एकादशीच्या भजनात ती पुढे बसणारी बाई. आता अभंगाचं दुसरं चरण यायच्या आत टाळ खाली ठेवते. गणपतीची चवथ तोंडावर आलीय. काल फार्मसीतल्या पोराने विचारलं, "माई, बीपीची गोळी कुठली चालू आहे?" गोळीने खोकला होतो? मग पहिले दोन महिने का नाही झाला?

डिचोलीचा औषधवाला:
पोरगा हुशार आहे. ही गोळी एसीई नावाचं एन्झाइम अडवते, म्हणून बीपी उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन नावाचं शरीरातलं रसायनही मोडत असतं. ते साचलं की श्वासनलिका हुळहुळते. काहींना आठवड्यात, काहींना महिन्यांनी, बायकांत जास्त. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, शेवटी 'प्रिल' असलेल्या सगळ्यांचंच हे. (या औषधांचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरच्या संशोधनात आहे. गिऱ्हाइकाला सांगत नाही, गोळीच घ्यायचे नाहीत.) सिरपने हा खोकला जात नाही.

पेडण्याचा बाबलो:
सरळ बंद करा गोळी. आमच्या मावशीने केली, चार दिवसांत बरी.

डिचोलीचा औषधवाला:
बाबलो, असं सांगू नको रे. बदली गोळी न घेता थांबवली तर बीपी पुन्हा चढतं. डॉक्टरांना "खोकला" एवढंच सांगू नका, "गोळी सुरू झाल्यावर खोकला" असं सांगा. बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतील. ओठ, जीभ सुजली तर मात्र पुढची गोळी घ्यायची नाही, तडक इस्पितळ. आणि माई रोज आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी पितात का? रामिप्रिलने पोटॅशियम वाढतं, त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर ते पाणी भारी पडतं. औषधांचे असे त्रास सरकारी हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, कळवता येतात, फोन फुकट.

माशेलची लेक:
डॉक्टर आधी थोडे चिडले, मग स्वतःच चिठ्ठी मागून बघितली आणि टेल्मिसार्टन ४० दिली. आज अठरावा दिवस. रात्रीची ढास गेली, सकाळी थोडी आहे. काल आरतीला गायली, वरचा सूर अजून लागत नाही. उरलेल्या रामिप्रिलच्या दोन पट्ट्या शेजारच्या काकूंना द्यायला निघाली होती, "त्यांनाही बीपीच आहे गो" म्हणत. दारातूनच काढून घेतल्या.