मदत हवी आहे: २४ × ६५ मिमीच्या पॅनोरमा स्लाइड्स घरी स्कॅन करण्यासाठी कोणता स्कॅनर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामाने १९९९ ते २००६ या काळात सह्याद्रीत काढलेल्या स्लाइड्स आता माझ्याकडे आल्या आहेत. २८ रोल आहेत, जवळजवळ सगळे वेल्व्हिया ५० (फुजीची स्लाइड फिल्म). कॅमेरा हॅसलब्लाड एक्सपॅन. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: हॅसलब्लाड आणि फुजी यांनी मिळून १९९८ साली काढलेला हा कॅमेरा नेहमीच्याच ३५ मिमी फिल्मवर चालतो, पण त्याची एक फ्रेम २४ × ६५ मिमीची असते. ३६ च्या रोलवर जेमतेम २१ फोटो येतात. पण कडा, दरी आणि पलीकडची रांग एकाच फोटोत मावते. मामाला तेच हवं होतं.

रोल धुवायला देताना मामा डब्यावर लाल मार्करने ‘कापू नये’ लिहायचा आणि घरी आल्यावर तीन-तीन फोटोंच्या पट्ट्या स्वतः कात्रीने कापायचा. एकदा लॅबमध्ये कुणी ते वाचलं नाही. अख्खा रोल ३६-३६ मिमीवर कापून, प्लास्टिकच्या माउंटमध्ये बसवून परत आला. रतनगडच्या नेढ्याजवळून (कड्यातलं आरपार भोक) काढलेले सगळे फोटो त्यात गेले. ती पेटी त्याने अजून टाकलेली नाही.

त्यामुळे या पट्ट्या पुन्हा बाहेर द्यायला जीव होत नाही. तरी मन घट्ट करून दोन पट्ट्या एका लॅबला दिल्या होत्या. त्यांच्या मशीनमध्ये ६५ मिमी एकदम बसत नाही, म्हणून दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडून दिलं. आकाशात मधोमध उभी शीव दिसते. एक बाजू उजळ, दुसरी काळपट. त्याहून वाईट म्हणजे सावलीचा भाग ठार काळा आलाय. फोटो हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावरचा आहे, सूर्य मावळतानाचा. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणारी पेटी) पट्टी ठेवून लूप, म्हणजे छोटं भिंग, लावला की कड्याच्या पोटातले खडकाचे आडवे थर एकाखाली एक मोजता येतात, आणि खाली कोकणातल्या एका वाडीवर धुराची बारीक रेघ दिसते. स्कॅनमध्ये थर नाहीत आणि धूरही नाही.

पुढच्या वर्षी मामाला ७५ पूर्ण होतील. गुडघ्यांमुळे गडावर जाणं थांबलंय. हा एक फोटो चार फूट लांबीचा छापून त्याच्या खोलीत लावायचा आहे. बाकीच्या सगळ्यांचा नीट अल्बम करायचा आहे.

आतापर्यंत केलेला अभ्यास असा. प्लस्टेक ८१०० आणि ८२००आय चांगले आहेत म्हणतात, पण त्यांच्या होल्डरमध्ये दर ३६ मिमीला आडवी पट्टी आहे; ती नेमकी माझ्या फोटोच्या पोटावर येते. निकॉन कूलस्कॅन ५००० ची तीच गत, एका वेळी एक साधी फ्रेम. कूलस्कॅन ९००० मध्ये ६५ मिमी एका दमात बसतं आणि खरोखरचे ४००० डीपीआय (इंचाला टिपले जाणारे ठिपके) मिळतात. पण तो कधीच बंद झालाय, फायरवायर या जुन्या जोडणीवर चालतो आणि जुना घ्यायचा तरी माझ्या ऐपतीबाहेर जातो.

राहिला एप्सन व्ही८५०. तो फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करणारा, त्यामुळे लांबीची अडचण नाही. कागदावर ६४०० डीपीआय, पण वापरणारे सांगतात की प्रत्यक्षात २३०० च्या आसपास तपशील मिळतो. हिशेब केला तर ६५ मिमीचे साधारण ५९०० पिक्सेल होतात. चार फुटांवर ते इंचाला १२० च्या घरात पडतात. कूलस्कॅन ९००० वर हाच आकडा २१० च्या वर जातो. अल्बमला एप्सन भरपूर झाला, पण भिंतीवरच्या त्या एका फोटोला तो पुरेल का? आणि सावलीतले थर तो काढेल का?

दुसरी काळजी बुरशीची. मामाचं घर चिपळूणला. सिलिका जेल वेळोवेळी बदललं जायचं, तरी चार-पाच रोलांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बजेट ६०-७० हजार. घरी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स (अगदी जवळून, वस्तूच्या मूळ आकारात टिपणारी) आहे.

प्रतिसाद:

ताई, शेवटच्या ओळीत लिहिलंत तेच तुमचं उत्तर आहे. स्कॅनर घेऊच नका, पट्टीखाली उजेड ठेवून त्या कॅमेऱ्यानेच तिचे फोटो काढा.

फ्रेमची उंची कॅमेऱ्याच्या ४००० पिक्सेलमध्ये बसवा, कडेला किंचित जागा सोडून. मग एका शॉटमध्ये साधारण ३७ मिमी लांबी येते. दोन शॉटमध्ये भागेल, पण तीन घ्या, म्हणजे जोडायला भरपूर सामायिक भाग मिळतो. जोडल्यावर दहा हजारांच्या वर पिक्सेल होतात, कूलस्कॅनच्या तोडीचे. आकाशात शीव येऊ नये म्हणून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअलवर ठेवा, आणि कॅमेरा न हलवता पट्टी सरकवा.

सावलीसाठी प्रत्येक जागी दोन एक्स्पोजर घ्या, एक आकाशाला धरून आणि दुसरं दोन-तीन स्टॉप जास्त (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). आणि पट्टीभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कार्डपेपरने झाका. हे फार महत्त्वाचं. बाजूचा प्रकाश लेन्समध्ये शिरला की काळा भाग राखाडी होतो आणि थर पुसले जातात.

प्रकाशासाठी ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेला एलईडी पॅड घ्या. फिल्म त्यावर थेट ठेवू नका, इंच-दीड इंच वर उचला, नाहीतर पॅडचे ठिपके फोटोत येतात. कॅमेरा सरळ आहे का हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्ये दिसलं की जमलं. कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा), पॅड, होल्डर सगळं तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसावं.

यात एक गोष्ट गमवाल: स्कॅनरमधली इन्फ्रारेड सफाई, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ-ओरखडे ओळखून पुसणं. तुमची फिल्म ई-६ (रंगीत स्लाइड धुण्याची नेहमीची पद्धत) ची आहे, तिच्यावर ती छान चालते. बुरशीचे रोल म्हणूनच वेगळे काढा. त्यांना पाणी अजिबात लावू नका, बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. ब्लोअर मारा, मऊ ब्रश फिरवा, बाकी कॉम्प्युटरवर टिपून काढा.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनापासून आभार! आरशाची युक्ती रात्रीच करून पाहिली. ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावला, पॅड म्हणून सध्या मामाचाच जुना लाइटबॉक्स वापरला आणि सरावासाठी त्या कापलेल्या रोलमधली एक माउंट घेतली. काळं कार्ड लावण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले तर नेढ्याखालच्या सावलीतलं गवत दुसऱ्यात दिसतंय.

आता एकच अडतंय. पट्टी लांबीच्या मधोमध कमानीसारखी उचलली जाते आणि कडा फोकसमधून जातात. वरून साधी काच ठेवली तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं, म्हणजे न्यूटनच्या रिंगा, उमटतात. अँटी-न्यूटन काच (या रिंगा न येऊ देणारी) पुण्यात किंवा मुंबईत कुणी कापून घेतली आहे का? मला ७ × २५ सेंमीचा एक तुकडा पुरेल.