मदत हवी आहे : सोल्डरिंग आयर्नचा टेम्परेचर कंट्रोलर

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. टी-१२ टिपसाठी (आयर्नचं बदलता येणारं गरम टोक) अर्डुइनो नॅनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) कंट्रोलर बनवतोय, सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी खुलं ठेवणार, म्हणजे आपल्याकडच्या रिपेरिंगवाल्या पोरांना स्वस्तात करता येईल. अडचण अशी की ह्या टिपमध्ये हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) सिरीजमध्येच असतात त्यामुळं मॉसफेट (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद करूनच रीडिंग घ्यावं लागतं, मी ५ मिलिसेकंद थांबतो तरी तापमानाचा आकडा ३२० अंशांवरनं एकदम ३६० ला जातो, काल त्यातच एका बोर्डाचा पॅड (पार्ट जोडायचा तांब्याचा ठिपका) जास्त तापून उचलला, लई वाईट वाटलं. मला वाटतंय हीटरच्या २४ व्होल्टमुळं ऑप-अँप (थर्मोकपलचा बारीक सिग्नल मोठा करणारी चिप) सॅच्युरेट होतोय, म्हणजे त्याचं आउटपुट टोकाला अडकतंय, आणि सावरायला वेळ घेतोय. इनपुटला क्लॅम्प डायोड (जादा व्होल्टेज अडवणारा) लावू का अजून थांबू? कुणी केलं असेल तर सर्किटचा फोटो टाका की. सांगली-मिरजेत कुणाकडं ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर बोर्ड घेऊन मीच येतो.