डाव्या कडेला किती चिकटायचं?

'सायकलवाल्यांनी अगदी डावी कड धरून चालवावी' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण कडेला गाड्या लावलेल्या असतील तर तीच जागा सगळ्यात धोक्याची.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डावीकडे लावलेल्या गाडीचं चालकाचं दार रस्त्याकडे उघडतं. त्याची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली की हँडल डावीकडे वळतं आणि माणूस उजवीकडे फेकला जातो, म्हणजे थेट मागून येणाऱ्या बसपुढे. ताशी २० किमी वेगाला सेकंदात साडेपाच मीटर जातात. ब्रेकवर बोट जाईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणून लावलेल्या गाड्यांपासून किमान एक मीटर, म्हणजे दाराच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. दोन गाड्यांमधल्या फटीत आत-बाहेर करू नका, सरळ रेषेत चला. मागच्याला तुमचा अंदाज येतो.

कारवाल्यांनी आधी आरसा बघावा, मग दार डाव्या हाताने उघडावं. खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, २०२२ पासून हे लिहिलेलंच आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर सोडा, हेही. आपल्या गल्लीबोळांत दीड मीटर कुठून आणणार, असं कुणीतरी म्हणेलच. नसेल जागा, तर मागे थांबायचं. हॉर्न वाजवून जागा रुंद होत नाही.

आणि सिग्नलला ट्रक-बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा बरीच आतून जातात.