मदत हवी आहे: खेळाडूच्या पात्रतेबद्दल तक्रार, कॉलेजने वार्ताहरांना काय सांगावं?

नमस्कार. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. बातम्या लिहून पाठवता येतात, म्हणून प्रसिद्धीचं काम माझ्या गळ्यात. आजवर ते स्नेहसंमेलन आणि एनएसएस शिबिरापुरतंच होतं.

आमच्या मुलांनी आंतरमहाविद्यालयीन खो-खो जिंकलं. चार दिवसांत विद्यापीठाकडे तक्रार गेली: आमचा एक खेळाडू नावापुरता प्रवेश घेतलेला आहे, दिवसभर चिंचोळी एमआयडीसीत कामाला असतो. खेळायचं तर नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं आणि अर्जावर प्राचार्यांची सही असते. म्हणजे प्रश्न एकट्या पोराचा नाही.

काल त्याचा फोटो नावासकट व्हॉट्सॲपवर फिरला. संध्याकाळपर्यंत तीन वार्ताहरांचे फोन. प्राचार्य म्हणतात, ‘आरोप निराधार’ असं देऊन टाका. संस्थेचे सचिव म्हणतात, फोनच उचलू नका. पोरगा म्हणतो, "मॅडम, मी रातपाळी करतो, दिवसा तासाला बसतो." माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण हजेरीपट मी अजून पाहिलेला नाही. न बघता ‘निराधार’ कसं लिहू?

अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं वाचलं आणि धडकीच भरली. खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल आधी शिक्षा झाली होती, तरी पैसे देणं चालूच राहिलं. शेवटी एनसीएए या तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला. आमचं प्रकरण त्याच्या नखाएवढंही नाही. पण खोटं निवेदन माझ्या हातून जायला नको.

आत्ताच बोलावं की निकालापर्यंत थांबावं? पोराला कसं सांभाळावं?

प्रतिसाद
ताई, फोन उचला. उचलला नाही तर ‘कॉलेजने बोलण्यास नकार दिला’ हेच छापून येतं. सगळ्यांना तेच सांगा: तक्रारीची माहिती मिळाली आहे, विद्यापीठ मागेल ते कागद देऊ, निर्णय होईपर्यंत जास्त बोलणार नाही, मुलाचं नाव-फोटो कृपया छापू नका. बोलणारा माणूस एकच, प्राचार्य. ‘निराधार’ आज अजिबात नको. हजेरीपटाची झेरॉक्स काढून मूळ प्रत आजच कुलपात ठेवा, आता कुणी त्यात एक सहीसुद्धा वाढवता कामा नये. तो विद्यापीठाला द्यायचा, वार्ताहराला नाही. आणि निवेदन बाहेर जाण्याआधी मुलाच्या घरी कळवा.

धागाकर्ती
खूप आभार. हजेरीपट कुलपात गेला. प्राचार्य तासभर ऐकेनात, शेवटी ‘निराधार’ काढलं. मुलाच्या वडिलांना फोनवर निवेदन वाचून दाखवलं. ते यंत्रमागावर होते, खडखडाटात दोनदा वाचावं लागलं. त्यांनी एकच विचारलं, "सरावाला पाठवू का त्याला?" क्रीडाशिक्षकांना विचारलं, सरावाला कुणी मनाई केलेली नाही. पाठवा म्हटलं.